बागुलांची 'आई' आणि माझी

१९६३ साली बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. धर्मांतराला तेव्हा सात वर्षं झाली होती. पांढरपेशांच्या कथेत आपला माणूस त्याआधीही यायचा, पण बहुतेक दयेचा धनी म्हणून. बागुलांनी त्याला संताप दिला, भूक दिली. आणि शरीरही दिलं. शरीराबद्दल आपण सभेत बोलत नाही, म्हणून इथं बोलतो.

मी मुळशीत भाताच्या गिरणीवर कामाला आहे. शाळा सातवीत सुटली. हे पुस्तक कोंड्याच्या पोत्यावर बसून वाचलं. मग 'मरण स्वस्त होत आहे'मधली 'आई' वाचली आणि दोन दिवस कुणाशी बोललो नाही.

कथेतली आई विधवा. नवरा क्षयानं गेला, जाईपर्यंत तिच्यावर संशय घेत राहिला. शाळेत पोरगा आईच्या थोरवीची कविता ऐकतो, आणि बाहेर पोरं त्याला मुकादमावरून डिवचतात. त्याला देवीसारखी आई पाहिजे. ती जिवंत बाई आहे, हे त्याला सोसत नाही.

मलाही सोसलं नव्हतं. बाप गेल्यावर आई भातलावणीला जायची. एकदा मुकादमाशी हसून बोलताना दिसली. मी चार दिवस तिच्या हातचं जेवलो नाही. ती काही बोलली नाही. भाकरी झाकून ठेवायची नि कामाला जायची. जयंतीला स्वाभिमानावर भाषण ठोकणारा मी, घरात मनू होऊन बसलो होतो.

'सूड' १९७० सालचं. त्यातली जानकी वेश्येची लेक. जगानं बाईच्या शरीराचा बाजार मांडला, म्हणून तिला बाईपणच नको होतं. ती बैराग्यांच्या वाटेला लागते, पुरुष व्हायचा ध्यास घेते. देह पाप आणि बाईचा देह महापाप, हे अध्यात्म या देशात जुनंच आहे. पण तथागत त्या वाटेनं जाऊन परत आले. सहा वर्षं देह सुकवला, मग सुजाताची खीर घेतली. देहाचा द्वेष करून बोधी मिळाली नाही.

दोस्तहो, इज्जत लोक देतात नि लोकच काढून घेतात. स्वाभिमान तसला नसतो. तो आपल्याला पाहिजे असेल, तर आपल्या आयांनाही हिशेब न मागता द्यावा लागेल.

आईला वाचता येत नाही. अंक हातात आला की हे तिला वाचून दाखवणार आहे. चार दिवसांच्या भाकरीचं देणं बाकी आहे.