चित्राच्या पाठीवर काय लिहावे?

'सिंधुदुर्ग' असे नुसते लिहिले तर त्याचा अर्थ काय होतो? मालवणच्या समुद्रात कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला किल्ला, हा एक अर्थ. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला जिल्हा, हा दुसरा. ओरोसला उतरण्याचे कोकण रेल्वेचे स्टेशन हा तिसरा, आणि २०२१ पासून चिपीच्या माळावरचा विमानतळ हा चौथा. ज्या गावात बसून मी हे लिहितो आहे त्याला कुणी ओरोस म्हणते, कुणी ओरोस बुद्रुक, तर सरकारी पत्रावर सिंधुदुर्गनगरी असते. माणसे बोलताना घोटाळा करीत नाहीत. 'सिंधुदुर्गाक उतरतलंय' असे म्हणणारा प्रवासी किल्ल्यावर उतरणार नाही, हे ऐकणाऱ्याला कळते. पण हेच शब्द एखाद्या छायाचित्राखाली लिहिले आणि ते छायाचित्र हजार इतर चित्रांत मिसळले, की संदर्भ सुटतो आणि मागे उरतो फक्त शब्द.

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो कातळशिल्पांच्या निमित्ताने. जिल्ह्यातील काही शिक्षक मित्रांनी सुटीत विद्यार्थ्यांना घेऊन सड्यांवर फिरायचे, जांभ्यावर कोरलेल्या आकृतींची छायाचित्रे घ्यायची आणि ती एका सामायिक संग्रहात ठेवायची असे ठरवले. मी संशोधन करणारा, म्हणून वर्गीकरणाचे काम माझ्याकडे आले. पहिल्या पावसाळ्यापूर्वीच संग्रह निरुपयोगी होण्याच्या बेतात होता. एकाने 'कातळशिल्प' लिहिले होते, दुसऱ्याने 'कातळ शिल्पे', तिसऱ्याने 'खोदचित्र', चौथ्याने 'पांडवांची चित्रं'. संगणकाच्या दृष्टीने हे चार निरनिराळे विषय! 'मासा' शोधला तर 'मासे' आणि 'माशाची आकृती' सापडत नव्हती. मराठीसारख्या विभक्तिप्रत्ययांच्या भाषेत हा त्रास इंग्रजीपेक्षा जास्तच.

यात दोष कुणाच्या निष्काळजीपणाचा नव्हता. जॉर्ज फर्नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या वस्तूंना आणि क्रियांना लोक आपणहून काय नाव देतात हे त्यांनी मोजले. दोन माणसांनी एकाच गोष्टीसाठी एकच शब्द निवडण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी निघाली. वर्गात हा प्रयोग सहज करता येईल. एक चित्र फळ्याजवळ लावा, प्रत्येकाला एकच शब्द लिहायला सांगा आणि चिठ्ठ्या मोजा.

शब्दांचा हा गोंधळ त्रासदायक असला तरी एक यादी करून तो मिटवता येतो. खरा धोका वेगळाच आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरण आपल्याच अजिंठ्यात आहे.

पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात राजदरबाराचे एक चित्र आहे. उंच टोप्या घातलेले परदेशी दिसणारे लोक राजाला नजराणे देत आहेत. स्थापत्याचा इतिहासकार जेम्स फर्ग्युसन याने १८७९ मध्ये असे मांडले की, इराणचा बादशहा दुसरा खुस्रो याच्या वकिलांनी चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याची भेट घेतली, तोच हा प्रसंग. अशी देवाणघेवाण झाल्याचा उल्लेख तबरी या इतिहासकाराच्या अरबी ग्रंथात आहे, त्यामुळे कल्पना अगदीच निराधार नव्हती. चित्राला 'इराणी वकिलात' हे नाव पडले आणि पुस्तकांतून, चित्रसंग्रहांतून ते पक्के झाले. आता पुढची पायरी पहा. पुलकेशीचा काळ सातवे शतक, चित्रात पुलकेशी आहे, म्हणून लेणेही सातव्या शतकातले! म्हणजे चित्रावरून काळ ठरवायचा त्याऐवजी चित्राला दिलेल्या नावावरून काळ ठरला. पुढे वाकाटक राजा हरिषेण याच्या काळाचा बारकाईने अभ्यास झाला आणि हे लेणे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले असल्याचे मत रुजले. चित्र रंगवले गेले तेव्हा पुलकेशीचा जन्मही झालेला नव्हता. आज अभ्यासक या चित्राकडे बौद्ध कथेतील दरबाराचा प्रसंग म्हणून पाहतात. टोप्या परदेशी आहेत हे मात्र तेव्हाही खरे होते आणि आजही खरे आहे.

सोळाव्या लेण्यातील 'मरणासन्न राजकन्या' हे असेच एक प्रसिद्ध चित्र. एकोणिसाव्या शतकातील पाहणाऱ्यांना त्यात मृत्यू दिसला आणि त्यांनी त्याची मनापासून स्तुती केली. प्रत्यक्षात ही सुंदरी. तिचा पती नंद, बुद्धाचा सावत्र भाऊ, भिक्षू झाला. त्याचा मुकुट परत आलेला पाहून ती कोसळली आहे. ती मरत नाही. पण जुन्या छायाचित्रांच्या संग्रहात तुम्ही 'मृत्यू' शोधलात तर ती सापडेल, आणि 'नंद' शोधलात तर कदाचित सापडणार नाही.

अजिंठ्यातच एक चांगले उदाहरणही आहे, ते म्हणजे लेण्यांचे क्रमांक. वाघोरा नदीच्या वळणावर एका टोकापासून ओळीने आकडे दिले आहेत. त्यांचा काळाशी काही संबंध नाही. सर्वांत जुनी लेणी नऊ आणि दहा ही मध्येच येतात. पुढे एक लहान लेणे लक्षात आले तेव्हा सगळे आकडे बदलण्याऐवजी त्याला '१५ अ' म्हटले गेले. पुष्कळ पर्यटकांना हे क्रमांक कंटाळवाणे वाटत असतील, पण लेण्यांच्या काळाविषयीची मते उलटीपालटी झाली तरी हे क्रमांक हलले नाहीत, कारण ते काहीच दावा करीत नाहीत.

भीमबेटकाला हीच युक्ती अधिक विचारपूर्वक वापरली गेली. विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ मध्ये ही चित्रे असलेली गुहांची जागा उजेडात आणली. सात टेकड्या आणि सातशेहून अधिक शैलाश्रय! तिथे प्रत्येक टेकडीला एक आकडा, तिच्यावरील गटाला एक अक्षर आणि गटातील शैलाश्रयाला पुन्हा एक आकडा. १९७० च्या दशकात वि. ना. मिश्र यांनी जिथे उत्खनन केले तो शैलाश्रय 'तीन-एफ-२३', म्हणजे तिसऱ्या टेकडीवरील एफ गटातील तेविसावा. 'झू रॉक' सारखी नावेही आहेत आणि मार्गदर्शक तीच सांगतात; पण शोधनिबंधात क्रमांक येतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून यशोधर मठपाल यांनी या चित्रांच्या प्रतिकृती हाताने काढून त्यांची मोजदाद केली, ती अशा चौकटीवाचून अशक्यच होती.

चित्रात काय आहे हे सांगण्याच्या पातळ्या निरनिराळ्या असतात, हे नीट मांडले ते कलेतिहासकार एर्विन पानोफ्स्की यांनी, १९३९ मध्ये. त्यांचा विचार आपल्या उदाहरणाने सांगतो. एक बाई तळहात जोडून उभी आहे, ही पहिली पातळी. डोळे असलेल्या कुणालाही ती दिसते. ती नमस्कार करते आहे, हे दुसऱ्या पातळीवर, कारण त्यासाठी आपल्या चालीरीती ठाऊक हव्यात. त्या नमस्कारात त्या काळचा समाज कसा दिसतो, ही तिसरी. 'उंच टोप्यांचे पुरुष' ही पहिली पातळी, 'इराणी वकिलात' ही दुसरी. फर्ग्युसनचा तर्क चुकला यात फारसे बिघडले नाही, तर्क चुकतातच. बिघडले ते दोन पातळ्या एकाच नावात मिसळल्यामुळे.

चित्रांच्या विषयांना सांकेतिक आकडे देण्याची सर्वांत मोठी पद्धत नेदरलँड्समधील लायडनचे प्राध्यापक हेन्री व्हान द वाल यांनी रचली. तिचे खंड त्यांच्या निधनानंतर, १९७३ ते १९८५ या काळात निघाले. 'आयकॉनक्लास' हे तिचे नाव. शून्य ते नऊ असे तिचे मुख्य विभाग आहेत. पद्धत अत्यंत शिस्तशीर आहे, पण सातवा विभाग संपूर्ण बायबलसाठी, नववा ग्रीक-रोमन पुराणकथांसाठी, आणि जगातले बाकीचे सारे धर्म पहिल्या विभागाच्या एका पोटविभागात. आपला गणपती आणि जपानचा बुद्ध तिथे दाटीवाटीने बसतात. ज्याच्यापुढे जी चित्रे होती त्यांच्यासाठी त्याने कपाट बनवले, हे उघड आहे. आपल्या रंगनाथनांनी १९३३ च्या कोलन वर्गीकरणात एका विषयाचे अनेक पैलू सुटे सुटे ठेवून हवे तसे जोडायची सोय केली होती. कपाटापेक्षा ती मला जवळची वाटते.

आता पुन्हा आपल्या सड्यावर. कोकणातील कातळशिल्पांचा शोध गेल्या काही दशकांत वाढत गेला. मालवण तालुक्यात हिवाळ्याची शिल्पे २००१ मध्ये आणि कुडोपीची २०१२ मध्ये सतीश लळित यांनी प्रकाशात आणली. रत्नागिरी जिल्ह्यात सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव पायपीट केली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातील नऊ ठिकाणे गेली. त्यांत कशेळी, बारसू, उक्षी यांसारखी सात रत्नागिरीतली, एक गोव्यातले आणि सिंधुदुर्गातले एकमेव कुडोपी.

ही शिल्पे कुणी कोरली, केव्हा कोरली याचा लेखी पुरावा नाही. त्यामुळे आकृतीला काय म्हणायचे यावर फार काही अवलंबून राहते. राज्य पुरातत्त्व विभागाचे तत्कालीन संचालक तेजस गर्गे यांनी २०१८ मध्ये असा विचार मांडला होता की, या शिल्पांत शेतीची दृश्ये दिसत नाहीत, प्राणी मात्र पुष्कळ आहेत आणि गेंडा, पाणघोडा यांसारखे आज कोकणात नसलेले प्राणीही आहेत. म्हणून कोरणारे लोक शिकारी असावेत आणि काळ बराच जुना असावा. तर्क विचार करण्याजोगा आहे. पण संग्रह करणाऱ्याच्या नजरेने पहा. कुणी उत्साहाने एका अस्पष्ट आकृतीखाली 'गेंडा' लिहिले, की ती पुढे हवामानाचा आणि काळाचा पुरावा होते. मग पुढच्या सड्यावर कुणाला तशीच आकृती दिसली की तो म्हणतो, काळ जुना आहे म्हणजे हा गेंडाच. अजिंठ्याचे वर्तुळ पुन्हा पूर्ण! 'शेती दिसत नाही' याची गोष्ट तर आणखी नाजूक. टॅग नसणे म्हणजे ती गोष्ट चित्रात नसणे, असे केव्हा म्हणता येईल? प्रत्येक चित्र पाहताना प्रत्येकाने ती शोधली असेल तरच.

कातळशिल्पांची एक खास अडचण मला माझ्याच चुकीतून कळली. एका आकृतीखाली मी बेधडक 'मासा' लिहिले होते. नंतर त्या जागी गेलो तेव्हा सातवीतली एक मुलगी समोरच्या बाजूला उभी राहून म्हणाली, "सर, ह्यो मासो नाय, माणूस आसा." मी तिच्या बाजूला गेलो. शेपटी वाटत होती ते पाय होते, निदान तिथून तरी. भिंतीवरच्या चित्राला वर-खाली असते. जमिनीवरच्या चित्राला नसते. छायाचित्र घेणारा जिकडे उभा, ती खालची बाजू! तेव्हापासून प्रत्येक आकृतीजवळ उत्तर दाखवणारा बाण आणि मोजपट्टी ठेवून चारही बाजूंनी छायाचित्रे घेतो, आणि वेळ लिहितो. सकाळच्या तिरप्या उन्हात जी रेघ स्पष्ट दिसते ती दुपारी बारा वाजता नाहीशी होते.

बाकीचे नियम वाद घालतच ठरले. प्रत्येक आकृतीला कायमचा क्रमांक; आकृती पुढे नष्ट झाली तरी तो दुसरीला द्यायचा नाही. जागा लिहिताना वाडी, गाव, तालुका, जिल्हा असे पूर्ण. नुसते 'सिंधुदुर्ग' कधीच नाही. शब्द एकवचनी आणि प्रत्ययाविना: 'मासा', 'हत्ती', 'पाऊल'. समानार्थी शब्द यादीत राहतात, पण ते ठरलेल्या एका शब्दाकडे बोट दाखवतात. आणि मुख्य म्हणजे तीन वेगळे रकाने. 'काय दिसते' यात फक्त आकार: दोन समांतर रेघा, चार पाय, लांब सोंडेसारखा भाग. 'अभ्यासक काय म्हणतात' यात नाव आणि साल घालून मत. दोन मते असतील तर दोन्ही. मत बदलले तर जुने खोडायचे नाही, खाली नवे लिहायचे. 'गावात काय म्हणतात' हा तिसरा रकाना.

तिसऱ्यावर सर्वांत जास्त भांडण झाले. पांडवांनी एका रात्रीत कोरले हे विज्ञानाच्या संग्रहात कशाला, असे एक मत होते. मला बांगड्याची आठवण झाली. बांगड्याचे शास्त्रीय नाव 'रास्ट्रेलिगर कानागुर्ता'. यातले 'कानागुर्ता' लॅटिन नव्हे. पॅट्रिक रसेल याने विशाखापट्टणमच्या दोनशे माशांची चित्रे १८०३ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा प्रत्येक चित्राशी तिथल्या कोळ्यांचे नाव नोंदवले. त्या चित्रावरून क्युव्हिएने माशाचे नामकरण केले आणि ते तेलुगू नाव जगभर गेले. रसेलने तो रकाना रिकामा ठेवला असता तर? कुडोपीच्या जागेला गावकरी 'बाहुल्यांचं टेंब' म्हणतात. त्यातल्या एका मोठ्या आकृतीला काही अभ्यासक मातृदेवता मानतात. मातृदेवता हे मत आहे. पण इथे माणसासारख्या आकृती आहेत हे गावाने शहरातले कुणी येण्याआधी पाहून ठेवले होते, आणि ते त्या नावात नोंदलेले आहे.

हे सगळे आत्ताच नीट करण्याला कारण आहे. ज्या जांभ्यावर ही शिल्पे आहेत तोच जांभा चिरेखाणीत कापला जातो, त्यावरूनच रस्ते जातात. एखादा सडा वाचवा असे सांगायला गेले की पहिला प्रश्न येतो, आकृती किती? एकच जागा तीन नावांनी नोंदली असेल तर आकडा फुगतो आणि तपासणीत तोंडघशी पडायला होते. दोन वेगळ्या सड्यांना एकच नाव असेल तर एक सडा कागदावरून नाहीसा होतो, मग जमिनीवरूनही होऊ शकतो.

ती मासा की माणूस अशी आकृती संग्रहात आहे. पहिल्या रकान्यात 'लांबट आकार, एका टोकाला दुभंगलेला' असे आहे. दुसरा रकाना रिकामा आहे. तिसऱ्यात त्या मुलीच्या आजीने सांगितलेला शब्द आहे. त्याचा अर्थ आम्ही अजून वाडीत विचारतो आहोत.