‘आता या वयात ऑपरेशन कशाला?’ : मोतीबिंदू, जुने नियम आणि ऐंशीच्या पुढचे रुग्ण



87 वर्षांच्या आजी समोर बसलेल्या असतात आणि त्यांचा मुलगा मला हळूच विचारतो, “डॉक्टर, आता या वयात ऑपरेशन कशाला? मोतीबिंदू अजून पिकलाही नसेल. आणि करायचंच तर थंडी येऊ द्यावी का?”

हे तीन प्रश्न मला सारखे ऐकायला मिळतात. विचारणाऱ्यांना मी हसत नाही, कारण हे नियम एकेकाळी अगदी बरोबर होते. फक्त ते ज्या ऑपरेशनसाठी तयार झाले, ते ऑपरेशन आता होत नाही. आपल्या घरातल्या वयस्कर माणसाबद्दल निर्णय घ्यायचा असेल, तर हा इतिहास तुम्हाला माहीत असायला हवा.

सुईचा काळ

डोळ्यातले नैसर्गिक भिंग गढूळ होणे म्हणजे मोतीबिंदू. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘लिंगनाश’ या नावाने त्यावरची शस्त्रक्रिया सांगितली आहे. डोळ्यात बारीक शलाका घालून नजरेच्या आड आलेला अडथळा दूर करायचा, अशी ती पद्धत. भिंग बाहेर काढले जात नसे, बाजूला सारले जाई. त्यानंतर शिंक, खोकला, ढेकर टाळायची आणि दहा दिवस पथ्य पाळायचे. ऑपरेशननंतरचे पथ्य आपल्याकडे इतके जुने आहे!

युरोपातही हीच पद्धत होती. संगीतकार बाख यांच्या डोळ्यांवर 1750 मध्ये जॉन टेलर नावाच्या फिरत्या इंग्रज डॉक्टरने दोनदा शस्त्रक्रिया केली. दृष्टी आली नाही, प्रकृती खालावली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये वयाच्या 65 व्या वर्षी बाख गेले.

त्याच सुमारास, 1747 मध्ये, फ्रान्सच्या झाक दाव्हिएल यांनी डोळ्याला छेद देऊन गढूळ भिंग बाहेर काढले. हे मोठे पाऊल होते. पण डोळा बधिर करण्याची सोय व्हायला 1884 साल उजाडले. तोपर्यंत रुग्णाला धरून ठेवूनच सगळे करावे लागे.

82 वर्षांचा एक रुग्ण

प्रसिद्ध चित्रकार क्लोद मोने यांना 1912 मध्ये मोतीबिंदूचे निदान झाले. त्यांनी दहा वर्षे ऑपरेशन टाळले. चित्रकार मेरी कसॅट यांची ऑपरेशन्स अयशस्वी झाल्याचे त्यांना ठाऊक होते. रंग ओळखू येईनात, तेव्हा ते ट्यूबवरची नावे वाचून आणि रंग ठरलेल्या क्रमाने मांडून काम करू लागले. अखेर मित्र जॉर्ज क्लेमेन्सो यांनी मन वळवले. क्लेमेन्सो फ्रान्सचे माजी पंतप्रधान, पण शिक्षणाने डॉक्टर. जानेवारी 1923 मध्ये डॉ. शार्ल कुतेला यांनी मोने यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. तेव्हा त्यांचे वय 82 होते.

त्यांना काय सोसावे लागले ते पाहा. छेद मोठा, आणि तो आजच्यासारखे बारीक टाके घालून बंद करण्याची सोय नाही. म्हणून डोके हलू नये यासाठी दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून त्यांना उताणे निजवले. अस्वस्थ होऊन ते उठू पाहत, पट्टी ओढू पाहत. भिंगामागचा पडदा गढूळ झाल्याने जुलैमध्ये पुन्हा शस्त्रक्रिया झाली. डोळ्यात भिंगच उरले नव्हते, त्यामुळे जाड काचेचा चष्मा आला. त्यातून वस्तू मोठ्या आणि वाकड्या दिसत, दोन डोळ्यांची चित्रे जुळत नसत, रंग बदललेले वाटत. मोने डॉक्टरांवर चिडले. दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन त्यांनी करू दिले नाही. तरीही नव्या चष्म्यांनी हळूहळू जुळवून घेत, 1926 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते कमळांच्या मोठ्या चित्रांवर काम करत राहिले.

‘या वयात कशाला?’ हा प्रश्न 1923 मध्ये योग्यच होता.

घरातले नियम कुठून आले?

आता आपल्याकडचे नियम या ऑपरेशनशेजारी ठेवून बघा.

‘मोतीबिंदू पिकू द्या’: कच्च्या मोतीबिंदूचे मऊ भाग आत चिकटून राहत आणि त्रास देत. पिकलेला मोतीबिंदू त्या मानाने सुटा निघे. म्हणून थांबणे शहाणपणाचे होते.

‘थंडीतच करा’: जखम मोठी, पट्टी बरेच दिवस. घाम आणि धूळ यांची भीती रास्त होती.

‘हलू नका, वाकू नका, डोक्यावरून पाणी नको’: जखम उघडली तर डोळा जाण्याचा धोका होता.

आणि जाड भिंगांचा तो चष्मा! डोळे मोठे दिसणारे आजोबा तुमच्याही आठवणीत असतील. तो मोने यांच्याच चष्म्याचा भाऊ.

काय बदलले?

29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरॉल्ड रिडली यांनी डोळ्याच्या आत प्रथमच कृत्रिम भिंग बसवले. महायुद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे खरे तर एका प्लास्टिकचे, तुकडे शिरले तरी डोळा ते सहन करतो, हे त्यांनी पाहिले होते. 1967 मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू आतच फोडून शोषून घेण्याची पद्धत आणली. दातांच्या डॉक्टरांच्या उपकरणावरून त्यांना ती सुचली. हेच आजचे फेको. आपल्याकडे 1976 मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि 1992 पासून मदुराईच्या ऑरोलॅबमध्ये स्वस्त लेन्स तयार होऊ लागल्यावर त्या सामान्य माणसाच्या आवाक्यात आल्या.

आज छेद साधारण दोन ते तीन मिलिमीटरचा असतो. बहुतेक वेळा टाका लागत नाही, थेंबांनी किंवा छोट्या इंजेक्शनने डोळा बधिर करता येतो आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. ऋतूचा प्रश्नच उरला नाही.

मग वयाचा धोका नाही का?

आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. वयानुसार मोतीबिंदू कडक होतो, भिंगाला धरून ठेवणारे तंतू कमकुवत होतात, बाहुली नीट मोठी होत नाही, बुबुळाच्या आतल्या थरातल्या पेशी कमी झालेल्या असतात.

ब्रिटनमधल्या 55 हजारांहून अधिक ऑपरेशनांच्या नोंदी 2009 मध्ये प्रसिद्ध झाल्या. भिंगामागचा पातळ पडदा फाटणे ही महत्त्वाची गुंतागुंत त्यात एकूण दोन टक्क्यांपेक्षा किंचित कमी रुग्णांत आढळली. साठीच्या आतल्या रुग्णांच्या तुलनेत नव्वदीच्या पुढे तिची शक्यता दुपटीहून थोडी जास्त होती. पण मोतीबिंदू पिकून तपकिरी किंवा पांढरा झालेला असेल, तर शक्यता जवळजवळ तिप्पट! म्हणजे नव्वदीपेक्षाही पिकलेला मोतीबिंदू जास्त त्रास देतो. आजींचे वय तुम्ही कमी करू शकत नाही. थांबणे मात्र तुमच्या हातात आहे. शिवाय फार पिकलेला मोतीबिंदू डोळ्याचा दाब अचानक वाढवून नजर कायमची घालवू शकतो.

थांबण्याचा आणखी एक धोका म्हणजे पडणे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम येथे सत्तरीपुढच्या 306 स्त्रियांचा अभ्यास झाला (2005). ज्यांच्या पहिल्या डोळ्याचे ऑपरेशन लवकर झाले, त्यांच्यात वर्षभरात पडण्याचे प्रमाण 34 टक्क्यांनी कमी होते आणि हाडेही कमी मोडली. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडणे हे मोतीबिंदूच्या ऑपरेशनपेक्षा कितीतरी मोठे संकट आहे, हे तुम्ही आजूबाजूला पाहिलेच असेल.

आम्हाला काय सांगाल, काय विचाराल?

• पंधरा-वीस मिनिटे उताणे झोपता येते का? दमा, हृदयाचा त्रास, पाठीचा बाक, खूप कमी ऐकू येणे, विसराळूपणा असेल तर आधी सांगा. त्यानुसार तयारी करता येते.

• प्रोस्टेटची गोळी (टॅमसुलोसिन) चालू आहे किंवा पूर्वी घेतली होती का? तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुली आकसते. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

• ‘मागचा पडदा कसा आहे?’ असे जरूर विचारा. पडदा वयामुळे झिजला असेल किंवा काचबिंदू असेल, तर ऑपरेशन उत्तम होऊनही वाचता येईलच असे नाही. हे आधी कळले, तर नंतर निराशा होत नाही.

• कडक मोतीबिंदूसाठी डॉक्टरांनी फेकोऐवजी थोड्या मोठ्या छेदाची पद्धत सुचवली, तर ती ‘जुनी’ म्हणून नाकारू नका. अशा डोळ्याला कधी कधी तीच सुरक्षित असते.

• नंतरचे थेंब दिवसातून अनेकदा कोण घालणार, ते घरात आधी ठरवा. दुखणे, वाढती लाली किंवा नजर कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी या. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर तास महत्त्वाचे असतात.

काहींना मी स्वतःच ‘नको’ म्हणतो. पडदा पूर्ण निकामी असेल, माणूस अंथरुणाला खिळलेला असेल आणि त्याला नजरेची अडचणही जाणवत नसेल, तर ऑपरेशनचा उपयोग नाही. पण ते त्या माणसाकडे पाहून ठरते, जन्मतारखेकडे पाहून नाही.

म्हणून मुलाचे बोलणे संपले की मी आजींकडे वळतो. “आजी, दिसत नाही म्हणून काय अडतं?” परवा एक आजी म्हणाल्या, “रात्री मोरीकडे जाताना उंबरा दिसत नाही, डॉक्टर. म्हणून संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही मी.” मुलाला हे माहीतच नव्हते.

तुमच्या घरातही हा प्रश्न आधी त्यांना विचारा. मग आमच्याकडे या.