चांद्याचा बुरूड आणि त्याचा शरद

चांदा प्रांताचा इतिहास लिहावयास बसलेल्या बहुतेकांची दृष्टी प्रथम परकोटाकडे जाते, व ते स्वाभाविकही आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा अशा चार दरवाजांचा तो दगडी कोट गोंड राजांनी उभारला, आणि कोळशाच्या खाणींनी वेढलेल्या आजच्या नगरातही तो पाहणाऱ्यास क्षणभर थांबावयास लावतो. परंतु कोट बांधणाऱ्या वंशाचे राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले; सूप मात्र त्या कोटाच्या आत व बाहेर दर शरद ऋतूत नव्याने विणले गेले, आणि त्याची बखर कोणी लिहिली नाही. ह्या लेखात आम्ही त्या सुपाच्या कर्त्याची, म्हणजे बुरुडाची, हकीकत सांगणार आहो.

संस्कृत कवींचा शरद म्हणजे हंस, कमळे आणि चांदणे. झाडीपट्टीतला शरद निराळा आहे. तेथे आश्विनात हलका धान पिवळा पडू लागतो, कार्तिकापासून भारी धानाची कापणी सुरू होते, आणि नागभीड, सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरी, आरमोरी ह्या बाजूंस खळी तयार होऊ लागतात. खळे आले की सूप आले, टोपले आले, धान साठविण्याचा ढोला आला. शेतकऱ्याच्या घरी बांबूच्या जिनसांची निकड जर केव्हा भासत असेल तर ती ह्याच दिवसांत. आणि योग असा की, माल ज्या महिन्यांत खपावयाचा त्याच महिन्यांत तो बनविण्याची सामग्री अरण्यातून येऊ लागते. पावसाळ्यात बांबूच्या बेटातून नवे कोंब फुटतात; ह्या भागात त्यांस वास्ते म्हणतात व त्यांची भाजी आवडीने खातात. कोंब वाढत असता बेटात शिरून तोड केली तर पुढल्या वर्षांचा बांबूच बुडतो. म्हणून पावसाळ्यात तोड बंद असते व ती शरदात उघडते.

जुन्या कारागिरांचा आणखी एक नियम आहे. बांबू वद्य पक्षात तोडावा, म्हणजे त्यास कीड लागत नाही, असे ते सांगतात. चंद्राची गोष्ट आपण बाजूस ठेवू. ऋतूची गोष्ट मात्र खरी आहे. बांबू पोखरणारा भुंगा त्यातील पिष्टाच्या लोभाने येतो. पावसाळ्यात नवे कोंब वाढविण्यात बेटाने आपला बराचसा साठा खर्च केलेला असतो. त्यामुळे शरदात व पुढे थंडीत तोडलेला बांबू उन्हाळ्यातील बांबूपेक्षा अधिक टिकतो. ज्या ज्ञानास आज आपण वनस्पतिशास्त्र म्हणतो त्यातील हे एक प्रकरण बुरुडाच्या अंगणात पिढ्यान्‌पिढ्या तोंडी शिकविले गेले आहे.

चांद्याच्या रानात मुख्यत्वे मानवेल होतो. त्याची पोकळी लहान व भिंत जाड असते. कधी कधी तो भरीवच निघतो. बुरुडास त्यातला हिरवा, कोवळेपण न गेलेला बांबू हवा असतो, कारण तोच पेऱ्यापेऱ्यांतून सरळ फाटतो व त्याची पट्टी न मोडता वाकते. जुना, वाळका बांबू शिडीस किंवा छपरास उत्तम, पण सुपास निकामी. (ही बारीकशी दिसणारी गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिच्यावरच सारे भांडण उभे राहणार आहे.) प्रथम कोयत्याने उभी चीर पाडावयाची, मग एकाचे दोन, दोनाचे चार करीत कामट्या काढावयाच्या, आणि शेवटी सालीकडची चिवट पट्टी व गाभ्याकडची मऊ पट्टी निरनिराळी करावयाची. सालीची पट्टी काठास व जेथे ताण बसतो तेथे, गाभ्याची भरणीस. सूप पाहण्यास फार साधे दिसते. परंतु पाखडताना कोंडा पुढे उडावा व दाणा मागे राहावा, एवढा नेमका उतार त्यास द्यावा लागतो, आणि तो मोजपट्टीने येत नाही. फाडण्याचे काम बहुधा पुरुषाचे व विणण्याचे बहुधा स्त्रीचे. तेव्हा ‘बुरूड’ हा शब्द पुल्लिंगी असला तरी ह्या लेखात त्याचा अर्धा अर्थ स्त्रीलिंगी समजावा.

ह्या धंद्याची कुलकथा मोठी मार्मिक आहे. रसेल व हिरालाल ह्यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवर १९१६ मध्ये जो चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात बांबूकाम करणाऱ्या बसोर लोकांची एक आख्यायिका दिली आहे. मराठी मुलुखातील बुरुडांचा विचारही तेथे त्याच प्रकरणात केलेला आहे. दमोहजवळील सिंगोरगडावर वेणू नावाचा राजा होता. तो इतका धर्मशील की प्रजेकडून कर म्हणून घेत नसे. स्वतः बांबूचे पंखे करून विकी व त्यावर पोट भरी. अर्थात सैन्य बाळगण्यास त्याजपाशी पैसा नव्हता. परंतु त्यास मंत्रविद्या येत असे; शत्रू चालून आला की तो हातातला पंखा मोडी, आणि त्याबरोबर शत्रूची फौजही मोडे. वेणू ह्या शब्दाचा अर्थच बांबू. कथा रचणाऱ्याने राजास कारागीर केले आहे, कारागिरास राजा केलेले नाही. ह्यातील अभिमान आम्हांस फार उंच दर्जाचा वाटतो. दक्षिणेकडे तेलुगू व कानडी मुलुखांत हाच धंदा करणाऱ्यांस मेदर म्हणतात, आणि बाराव्या शतकात कल्याण येथे बसवेश्वरांच्या भोवती जमलेल्या शिवशरणांत मेदर केतय्या हे बांबूच्या टोपल्या विणून निर्वाह करणारे सत्पुरुष होते. महाराष्ट्रातील बुरूड समाज त्यांस आजही पूज्य मानतो.

अभिमानाची ही दोन साधने हाताशी असताना व्यवहारात मात्र काय घडले? नवजात अर्भकास सुपात निजवावयाचे, लग्नात सूप, दिवाळीत लक्ष्मीपुढे सूप, आणि शेवटी तिरडीस बांबू. म्हणजे जन्मापासून स्मशानापर्यंत हिंदू गृहस्थाचे बुरुडावाचून चालत नाही. तरीही सूप देवघरात गेले व ते विणणारा उंबऱ्याबाहेर राहिला. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बुरुडाचे नाव आहे, ते उगाच नव्हे. चांद्याच्या शरदाविषयी लिहिताना आणखी एका दिवसाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. नागपुरातील दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ह्याच नगरीत धम्मदीक्षेचा दुसरा मोठा सोहळा केला, आणि तेव्हापासून प्रतिवर्षी त्या दिवसांत येथे प्रचंड समुदाय लोटतो. सूप व उंबरा ह्यांविषयी आम्ही वर जे म्हटले, तोच प्रश्न त्या दिवशी अधिक स्पष्ट शब्दांत विचारला गेला होता.

आता स्वातंत्र्याकडे वळू. बारा बलुत्यांच्या नेहमीच्या यादीत बुरूड सहसा सापडत नाही. सुतार, लोहार, कुंभार ह्यांस गावाने बांधून घेतले होते. बुरूड बाजारात बसून रोकडीने अगर धान्याच्या मापाने आपला जिन्नस विकी. गावाने त्यास बांधले नाही, तसेच गावाने त्यास राखलेही नाही. इंग्लंडात विल्यम मॉरिसने १८६१ मध्ये आपल्या मित्रांसह कारखाना काढून यंत्रयुगात हस्तव्यवसायी मनुष्याचे स्वातंत्र्य पुन्हा मिळवावयाचा जो उद्योग केला, त्याविषयी आपल्याकडील सुशिक्षितांनी पुष्कळ वाचले आहे. चांद्याच्या बुरुडास ते स्वातंत्र्य मिळवावयाचे नव्हते. ते त्याजपाशी होतेच. आपली हत्यारे, आपला वेळ, आपले गिऱ्हाईक. उणीव एकच होती: बांबू त्याचा नव्हता.

आणि येथेच सरकारी कायद्याचा प्रवेश होतो. १८६५, १८७८ व १९२७ असे तीन वन-कायदे इंग्रजी अमलात झाले. १९२७ च्या कायद्यातील व्याख्येने बांबूस ‘वृक्ष’ ठरविले. वनस्पतिशास्त्राप्रमाणे बांबू हे गवत होय. परंतु गवत म्हटले तर ते कापावयास फारशी परवानगी लागत नाही, वृक्ष म्हटले की लागते. एका व्याख्येने बुरुडाच्या कोयत्यावर केवढा भार पडला, हे कायदा लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही आले नसेल. पुढे कागद आला. १९२५ मध्ये बांबूपासून कागद करण्याच्या धंद्यास संरक्षण देणारा कायदा झाला, आणि १९४५ मध्ये चांद्याशेजारी, जेथे गोंड राजांची जुनी राजधानी होती त्या बल्लारपुरात, कागदाच्या कारखान्याची कंपनी स्थापन झाली. ज्या कागदावर आमचा हा व्यवसाय चालतो त्याची निंदा आम्ही कोणत्या तोंडाने करावी? परंतु हिशेब मांडला पाहिजे. कारखाना बांबू टनांनी मोजतो, बुरूड नगांनी. कारखान्यास तो कसाही चालतो, बुरुडास विशिष्ट वयाचाच लागतो. कर्नाटकातील अशाच एका प्रकरणात माधव गाडगीळ ह्यांनी दाखवून दिले की, कागदाच्या कारखान्यास बांबू टनामागे दीड रुपयाने मिळत असता बाजारात त्याचा भाव टनामागे सुमारे १,५०० रुपये होता. बुरूड घेणार तो बाजारातूनच.

गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला तो वर्ध्यास, म्हणजे चांद्याच्या अगदी शेजारी. कुमारप्पांनी तेथे ग्रामीण धंद्यांचे अर्थशास्त्र मांडले, १९३८ मध्ये मगन संग्रहालय उघडले. ह्या थोर प्रयत्नाविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे. तथापि स्वराज्यानंतर राज्यकर्त्यांनी आदर ठेवला तो वर्ध्याच्या विचारास, आणि बांबू दिला तो बल्लारपुरास.

जपानाकडे पाहिले म्हणजे फरक अधिक टोचतो. तेथे गेल्या शतकाच्या आधीपासूनच बांबूच्या करंड्या विणणारे कलावंत आपल्या कृतीवर नाव कोरू लागले, आणि १९६७ मध्ये शोनो शोउन्साई ह्या विणकरास सरकारने ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा बहुमान दिला. आपल्याकडे सुपावर नाव घालण्याचा विचार ना बुरुडाने केला, ना घेणाऱ्याने. घेणारा एकच विचारतो: ‘दोन घेतली तर केवढ्यास?’

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चांद्यातून गडचिरोली हा जिल्हा वेगळा झाला, व बांबूची उत्तम राने बहुतांशी तिकडे गेली. ह्याच जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे लहानसे गोंड गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूस गौण वनोपज ठरविले व ग्रामसभेस त्यावर मालकी दिली; त्यान्वये २००९ मध्ये मेंढ्यास सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरी वाहतुकीचा परवाना कोणी द्यावयाचा ह्यावर घोडे अडले होते. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल ह्यांनी ग्रामस्थांसह चालविलेल्या दीर्घ प्रयत्नांनंतर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश ह्यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. चांदा-गडचिरोलीच्या इतिहासात हा दिवस आम्ही कोणत्याही लढाईपेक्षा मोठा मानतो. पुढे २०१७ मध्ये वनाबाहेर वाढणाऱ्या बांबूपुरते १९२७ च्या व्याख्येतील ‘वृक्ष’पणही काढून टाकण्यात आले.

परंतु नगरातील बुरुडाचे काय? तो वनात राहत नाही, त्याची ग्रामसभा नाही, म्हणून वनहक्क त्यास नाही. ग्रामसभेने आपला बांबू चांगली किंमत देणाऱ्यास विकावा हे न्याय्यच आहे. आणि मोठी खरेदी करणारा व्यापारी सुपापुरते वीस-पंचवीस हिरवे बांबू घेणाऱ्या कारागिरापेक्षा नेहमीच सोयीचा पडतो. एका जुन्या अन्यायाचे परिमार्जन झाले व दुसरा तसाच राहिला, असे हे चमत्कारिक त्रांगडे आहे. ज्या ग्रामसभा आज बांबू विकतात त्यांनी शरदातील पहिल्या तोडीचा थोडा भाग चंद्रपूर, मूल, गडचिरोली येथील बुरुडांसाठी नगाच्या भावाने राखून ठेवला, तर त्यांचे नुकसान अल्प होईल व ह्यांचा हंगाम निभेल. शासनाने चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र काढले आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत त्याच्या नव्या इमारतीस मोठी आग लागली, तरी केंद्राचे कार्य थांबले नाही. बांबूच्या राख्या, कंदील, दिवे, घड्याळे असे नवे जिन्नस ह्या भागातील स्त्रिया आता करू लागल्या आहेत, व त्यांस दूरच्या शहरांतून मागणी येते. ह्या नव्या कारागिरांत बुरूड नसलेल्याही पुष्कळ आहेत. जातीचे कुंपण मोडले हे उत्तम झाले. मात्र ज्यांच्या घरी ही विद्या शतकानुशतके राहिली त्यांस शिकाऊ म्हणून नव्हे, तर गुरू म्हणून तेथे बसविले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तोपर्यंत आश्विन वद्यात चंद्रपूरच्या बाजारात सुपे व टोपल्या मांडून स्त्रिया बसतातच. शेजारच्या दुकानात प्लॅस्टिकचे सूप टांगलेले असते. ते हलके, रंगीत व स्वस्त असते, आणि रोजच्या तांदुळास बरेच लोक तेच घेतात. लक्ष्मीपूजनाचे सूप मात्र बांबूचेच लागते. ते घेताना पुष्कळ सुशिक्षित कुटुंबे पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करतात, व विणणारी बहुधा कबूल होते, कारण कार्तिक लागला की तिला पुन्हा बांबू विकत घ्यावयाचा असतो.