प्रदक्षिणेआधीचा मॅगेलन

पडेगावहून निघालेला रस्ता मिटमिट्यावरून दौलताबादच्या किल्ल्याखाली जातो. समुद्र इथून फार लांब. आमच्याकडच्या माणसाला दर्यावर्दी पहिल्यांदा भेटतो तो शाळेच्या पुस्तकात. मलाही मॅगेलन तिथेच भेटला: स्पेनच्या राजाची पाच जहाजे घेऊन निघालेला, पृथ्वीप्रदक्षिणेचा मानकरी. या मानकऱ्याची उमेदीची वर्षे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर शिपाईगिरीत गेली होती, हे मात्र मला पन्नाशीच्या आसपास कळले. तेव्हापासून त्याच्याकडे दाभोळच्या बाजूने पाहायची सवय लागली आहे.

तो जन्माने स्पॅनिश नव्हता. १४८० च्या सुमारास उत्तर पोर्तुगालात जन्मलेला हा फेर्नांव द मागल्यांइश. पोर्तुगीजांचा पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेदा २५ मार्च १५०५ रोजी लिस्बनहून हिंदुस्थानकडे निघाला, त्या ताफ्यात तो एक सामान्य शिलेदार होता. पुढच्याच वर्षी कण्णूरच्या लढाईत तो जखमी झाला.

आता थोडे आमच्या किल्ल्याकडे वळू. दौलताबाद १४९९ मध्ये अहमद निजामशहाने जिंकला होता, आणि कोकणातले चौल हे त्याचेच बंदर. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या सुलतानाचा सेनापती अमीर हुसेन आणि दीवचा सुभेदार मलिक अयाज यांनी मिळून पोर्तुगीज ताफ्याला गाठले. त्या लढाईत व्हाइसरॉयचा तरुण मुलगा लोरेन्सो मारला गेला. बापाने सूड घ्यायचे ठरवले.

सूड घ्यायचा होता तो दीवला. पण वाटेत, १५०८ च्या डिसेंबरअखेर, ताफा वासिष्ठीच्या मुखाशी दाभोळला थांबला. दाभोळ आदिलशाहीचे, लोरेन्सो पडला होता तो निजामशाही चौलला. मक्का, एडन, होर्मुझची गलबते दाभोळला लागत. तिथे उतरलेले घोडे घाट चढून दख्खनच्या दरबारांत जात, आणि घाटावरचे कापड त्याच वाटेने बंदरात उतरे. हे भरलेले बंदर अल्मेदाने लुटले आणि जाळले. बायका-मुलांनाही सोडले नाही, असे खुद्द पोर्तुगीज बखरकारच सांगतात. ‘दाभोळवर कोसळला तसा फिरंग्याचा कोप तुझ्यावर कोसळो’ अशा अर्थाचा शाप त्यानंतर किनाऱ्यावर रूढ झाला, हीही नोंद त्यांचीच.

याच मोहिमेत मॅगेलन होता. ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवच्या समुद्रात तो लढला. दाभोळला त्याने स्वतः काय केले, हे सांगणारा कागद माझ्या पाहण्यात नाही. म्हणून त्याच्यावर एकही खून लादण्याचा मला अधिकार नाही. पण त्याच्या चरित्रांत दीव ठळक असते आणि दाभोळ बहुधा एका ओळीत उरकलेले असते, हे मला खटकते.

हाच माणूस वेगळाही दिसतो. १५१० मध्ये त्याचे जहाज लक्षद्वीपजवळच्या पडुआच्या उथळ पाण्यात फुटले. होड्या थोड्या होत्या आणि अधिकारी आधी निघू पाहत होते. मॅगेलन खलाशांसोबत मागे राहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोचीनला आल्बुकर्कने गोव्यावरील स्वारीबद्दल कप्तानांचे मत विचारले. व्यापारी जहाजे तिकडे नेऊ नयेत, नेल्यास पोर्तुगालला परतायचा वाऱ्याचा हंगाम हुकेल, असे मॅगेलनचे मत पडले. आल्बुकर्कने ते मानले नाही आणि नोव्हेंबरात गोवा घेतला. मोसमी वाऱ्यांचे हे गणित अरबी समुद्रावरच्या खलाशांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. मॅगेलन ते इथे शिकला.

१५११ मध्ये मलाक्का पडले. तिथून त्याने एक गुलाम आणला. त्याचे नाव एन्रिके ठेवले. मित्र फ्रान्सिस्को सेरांव मसाल्याच्या बेटांवर पोचला आणि तिथून पत्रे लिहू लागला. पुढे मोरोक्कोच्या लढाईत मॅगेलन पायाने अधू झाला. भत्त्यात वाढ मागितली, ती पोर्तुगालच्या राजाने नाकारली. १५१७ मध्ये तो सेव्हिलला गेला आणि स्पॅनिश कागदांत फेर्नांदो दे मागाल्यानेस झाला. स्पेनच्या तरुण राजापुढे, कार्लोसपुढे, मांडायला त्याच्याकडे भांडवल होते ते हेच: पूर्वेतले अनुभव, सेरांवची पत्रे आणि मलय बोलणारा एन्रिके.

२० सप्टेंबर १५१९ रोजी जहाजे सानलूकारहून निघाली. दक्षिण अमेरिकेच्या टोकाची सामुद्रधुनी ओलांडून मार्च १५२१ मध्ये ती फिलिपिन्सला पोचली. तिथे एन्रिकेची भाषा लोकांना कळली, आणि आपण पश्चिमेकडून पूर्वेला पोचलो याची खूण पटली. २७ एप्रिलला माक्तान बेटावर मॅगेलन मारला गेला. प्रदक्षिणा पुरी केली ती बास्क खलाशी एल्कानोने. ६ सप्टेंबर १५२२ रोजी व्हिक्टोरिया जहाजातून अठरा माणसे परतली.

त्या अठरा जणांची नावे आज सापडतात. निघालेल्यांचे पगारही सेव्हिलच्या दफ्तरात नोंदलेले आहेत. एन्रिकेला आपल्या मृत्यूनंतर मुक्त करावे आणि दहा हजार मारावेदी द्यावेत, असे मॅगेलनच्या मृत्युपत्रात आहे. ते पाळले गेले नाही, पण निदान लिहिलेले तरी राहिले. दाभोळच्या मेलेल्यांचे एकही नाव मला आजवर मिळालेले नाही. त्यांची आठवण टिकली ती मारणाऱ्यांच्या बखरीत आणि एका शापात.

मॅगेलनचे धाडस खरे आहे. ते मुलांना जरूर शिकवावे. पण नकाशावर त्याची वाट काढताना सेव्हिलपासून सुरुवात करू नये. ती लिस्बनहून कण्णूर, दाभोळ, दीव, कोचीन, मलाक्का अशी काढावी, आणि मग सेव्हिलला न्यावी. दाभोळच्या खाडीकाठी आज जी आदिलशाही मशीद दिसते, ती सतराव्या शतकातली, म्हणजे राखेतून पुन्हा उभ्या राहिलेल्या गावाची. नकाशावर त्या गावाचा ठिपका असायलाच हवा.