ग्लेन कॅनियन : बुडालेल्या घळईचे नकाशे

अमेरिकेतील युटा आणि ॲरिझोना या राज्यांच्या वाळवंटी पठारात कोलोरॅडो नदीने वालुकाश्म कोरून घडविलेली घळई म्हणजे ग्लेन कॅनियन. जॉन वेस्ली पॉवेल यांच्या १८६९ मधील शोधमोहिमेत तिला हे नाव मिळाले. आज या घळईचा बहुतांश तळ 'लेक पॉवेल' या जलाशयाखाली आहे. त्याचे मूळ रूप जाणून घेण्यासाठी धरणापूर्वीच्या स्थलनिर्देशक नकाशांचाच मोठा आधार आहे.

अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९२१ मध्ये येथील नदीपात्राची मोजणी केली. जलविद्युत व जलसाठ्यासाठी योग्य जागा शोधणे, हा तिचा हेतू होता. घळईचे जतन करणारे हे नकाशे तिला बुडविण्याच्या विचारातूनच जन्मले, हा इतिहासातील विरोधाभास म्हणावा लागेल.

समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या समोच्चरेषा हा अशा नकाशांचा प्राण होय. उतार मंद असल्यास त्या दूर-दूर, तर तीव्र असल्यास जवळ येतात. उभ्या कड्यावर जणू एकमेकींना चिकटतात. त्यामुळे घळईच्या नकाशात पठारावर रेषा विरळ, कड्यालगत त्यांची दाट जुडी आणि नदीकाठच्या वाळूवर पुन्हा विरळ, अशी मांडणी दिसते. बाजूच्या अरुंद घळयांत रेषांची टोके ओढ्याच्या उगमाकडे वळलेली असतात.

धरणाचे काम १९५६ मध्ये सुरू झाले आणि १९६३ मध्ये पाणी अडविण्यास प्रारंभ झाला. जलाशय १९८० मध्ये पूर्ण भरला. १७७६ मध्ये दोमिंगेझ व एस्कलांते या स्पॅनिश धर्मोपदेशकांनी नदी ओलांडली, ते 'क्रॉसिंग ऑफ द फादर्स' हे ठिकाणही पाण्याखाली गेले.

धरणापूर्वीच्या नकाशांचे मोल केवळ स्मृतीपुरते नाही. त्यांवरून बुडालेल्या भूमीची मूळ उंची संगणकावर मांडता आली आणि नदीने आणलेल्या गाळाचा अंदाज बांधता आला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार १९६३ ते २०१८ या काळात जलाशयाची साठवण क्षमता सुमारे ६.८ टक्क्यांनी घटली. दीर्घ अवर्षणामुळे २०२२ व २०२३ मध्ये पातळी खूप खालावून काही बुडालेल्या उपघळया पुन्हा उघड्या पडल्या. तेथे गाळाखाली काय दडले आहे, हे ताडून पाहण्याचे साधनही हेच जुने नकाशे आहेत.