मोरी ते बाथरूम : फरशीखालचा इतिहास

स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास लिहा, असा आग्रह झाला. सभा आणि निवडणुका सर्वांना ठाऊकच आहेत. मी न्हाणीघराचा इतिहास लिहितो.

आमच्या लहानपणी हिंगणीत मोरी म्हणजे एक शहाबादी फरशी. पाणी भिंतीच्या भोकातून थेट परसातल्या केळीला जायचं. तुंबलं की काडी घातली, झालं. तिकडे मुंबईत 1922 साली भारत फ्लोअरिंगने सिमेंटच्या स्वदेशी फरश्या काढल्या. 1958 मध्ये जॉन्सन कंपनी सुरू झाली. चकचकीत टाईल्स हळूहळू आपल्याकडेही आल्या. सोय झाली, पण पाईप भिंतीत गडप झाले.

दहा-बारा वर्षांपूर्वी मीही हौसेने टाईल्स बदलल्या. गुळगुळीत गिलाव्याला टाचे न मारताच कारागिराने त्या चिकटवल्या, पाईपच्या सफाईचं तोंडही बुजवलं. घाई माझीच होती. सहा महिन्यांत खालच्या काकूंच्या देवघरात पाणी ठिबकू लागलं. गळती कुठे आहे हे कळेना. सगळं फोडावं लागलं. काकू एका शब्दाने बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

म्हणून नव्या पिढीला विनंती. ठोकून पाहा, पोकळ गिलावा काढा, टाचे मारा. ढाळ जाळीकडेच ठेवा. वॉटरप्रूफिंगनंतर दोन दिवस पाणी साठवून खालच्या घरी विचारून या. कॉक आणि सफाईच्या तोंडाशी उघडणारं झाकण ठेवा. बँकेत आम्ही बेरजेआधी खालच्या नोंदी तपासायचो. इथेही तोच नियम. आपली फरशी हे कुणाचं तरी छत असतं.