नातवाचं नाव फॉर्मवर

मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, चहाही झाला, आणि उठता उठता आमच्या गटातल्या एका ताईंनी विषय काढला. त्यांचा मुलगा पुण्याकडे एका कारखान्यात वेल्डर आहे. आयटीआय केलेला, बारा वर्षांचा अनुभव. त्याला कुशल कामगार म्हणून कॅनडाला जायचंय, बायकोमुलांसकट, कायमचं. मुलं दोन. थोरली चौथीत आहे. धाकटा सात वर्षांचा, त्याला डाऊन सिंड्रोम आहे. पूर्वी आपण अशा लेकराला सरळ ‘खुळं’ म्हणून मोकळे व्हायचो, आता बौद्धिक दिव्यांग म्हणतो.

एजंटने त्यांना सल्ला दिला, "फॉर्मवर धाकट्याचं नावच घालू नका. तो दिसला की फाइल गेली समजा. सध्या आजीजवळ ठेवा. तिकडे कायम झालात की बोलावून घ्या."

ताई म्हणाल्या, "नातू मला जड नाही हो. पण मी आत्ताच त्रेसष्टची आहे. मी किती वर्षं पुरणार?"

त्या दिवशी आमच्यापैकी कुणालाच काही बोलता आलं नाही. मग आम्ही चौघी-पाचजणींनी ठरवलं की हे नीट शोधून काढायचं. कॉलेजात शिकणाऱ्या मुलींनी मोबाइलवर कायदे काढून दिले, आम्ही समजून घेतले. त्यातून जे हाती आलं, ते आज सांगतो.

पहिली गोष्ट अशी की एजंटची भीती अगदीच हवेतली नव्हती. तिच्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

१८८२ साली अमेरिकेने बाहेरून येणाऱ्यांसाठी एक कायदा केला. गुन्हेगार, वेडे, ‘इडियट’ आणि स्वतःचं पोट भरू न शकणारे, सरकारवर भार होतील असे लोक बंदरावर उतरू द्यायचे नाहीत, असं त्यात लिहिलं होतं. आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला न्यूयॉर्कला उतरल्या त्या १८८३ च्या जूनमध्ये, म्हणजे हा कायदा होऊन वर्षही झालं नव्हतं. पुढे १८९२ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर मोठं तपासणी केंद्र सुरू झालं. बोटीतून उतरलेली माणसं बोचकी घेऊन जिना चढायची आणि डॉक्टर नुसते बघत उभे राहायचे. कोण धापा टाकतंय, कोण लंगडतंय, कुणाचं पोर वेगळं दिसतंय. शंका आली की त्या माणसाच्या कोटावर खडूने एक अक्षर काढायचे. लंगडत असेल तर एक अक्षर, डोळ्यांचा आजार असेल तर दुसरं. बुद्धीबद्दल शंका असेल तर फुली.

फुली मिळालेल्यांची वेगळी परीक्षा व्हायची. तिथल्या हॉवर्ड नॉक्स नावाच्या डॉक्टरांनी १९१० नंतरच्या काळात लाकडी तुकडे जुळवायची कोडी तयार केली, कारण येणाऱ्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यातल्या त्यात हा बरा विचार म्हणायचा. तरी मनात आलं, कित्येक दिवसांचा बोटीचा प्रवास, कडेवर पोर, समोर अनोळखी गणवेशातला माणूस आणि हातात लाकडी तुकडे. आमच्यातल्या किती जणी पास झाल्या असत्या? लहान मूल नापास झालं तर त्याला परत न्यायला आईला किंवा बापाला मागे फिरावं लागे. बाकीचे पुढे जायचे. घर तिथेच, त्या बेटावर, दोन तुकडे व्हायचं.

आता ताईंच्या मुलाला जायचंय त्या कॅनडाकडे येऊ. तिथला १९०६ चा कायदा वाचताना आम्ही एका ठिकाणी थांबलो. मुकंबहिरं किंवा अंध माणूस कुटुंबासोबत येत असेल आणि कुटुंबाने त्याच्या पोटापाण्याची हमी दिली, तर त्याला उतरता येत होतं. पण बुद्धीने मंद किंवा फिट येणाऱ्या माणसाला उतरताच येत नव्हतं. तिथे कुटुंबाच्या हमीला काही किंमत नव्हती. म्हणजे दिव्यांगांतही वरची पंगत आणि खालची पंगत होतीच.

हे शब्द कायद्यात सत्तर वर्षं राहिले. १९७६ मध्ये कॅनडाने नवा कायदा केला आणि ते जुने अपमानकारक शब्द काढून टाकले. त्यांच्या जागी आलं ते असं: येणाऱ्या माणसामुळे सरकारी आरोग्यसेवेवर किंवा समाजसेवांवर ‘अवाजवी भार’ पडेल असं वाटलं, तर परवानगी नाही. शिवी गेली आणि हिशोब आला.

हिशोब म्हटलं की आपले कान टवकारतात. आपण वही ठेवतो ती दोन बाजूंची, जमा आणि नावे. ह्या हिशोबात मात्र मुलाच्या पानावर नावेच लिहिलं जातं. विशेष शाळेचा खर्च इतका, उपचारांचा इतका, मदतनिसाचा इतका. बाप वेल्डिंग करून कर भरणार, आई कामाला लागणार, बहीण उद्या शिकून कमावणार, हे जमेला कुठेच धरत नाहीत. आणि एक सदस्य नापास झाला की सगळं घर नापास. हे ऐकून आमच्या गटाच्या सचिव म्हणाल्या, "असली वही आपण बँकेत नेली असती, तर साहेबांनी परत पाठवली असती."

ऑस्ट्रेलियाचा हिशोबही असाच चालतो, आणि तिथली एक गोष्ट आम्हाला फार जवळची वाटली, कारण ती खेड्याकडची आहे. व्हिक्टोरिया राज्यात हॉर्शम नावाचं गाव आहे, आजूबाजूला सगळी गव्हाची शेती. आपल्याकडच्यासारखंच तिथेही खेड्यात यायला डॉक्टर तयार नसतात. बर्नहार्ड मोलर नावाचे जर्मन डॉक्टर २००६ मध्ये कुटुंबासह तिथे आले आणि गावाच्या रुग्णालयात काम करू लागले. दोन वर्षांनी त्यांनी कायम राहण्यासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला, कारण त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलाला डाऊन सिंड्रोम होता आणि त्याचा खर्च सरकारला जास्त पडेल असा अंदाज निघाला. मुलगा तिथल्या शाळेत जात होता, खेळत होता. अंदाज मात्र त्या मुलाच्या खऱ्या घराचा नसतोच. तसाच आजार असलेला कुणीतरी माणूस कल्पायचा आणि त्याला किती खर्च येईल ते मोजायचं, अशी तिथली रीत. घरचे स्वतः किती करतात, हा प्रश्नच त्यात येत नाही.

डॉक्टर गप्प बसले नाहीत आणि गावही गप्प बसलं नाही. वर्तमानपत्रांत आलं, लोक बोलू लागले. नोव्हेंबर २००८ मध्ये अपिलातही नकारच आला, कारण अपील ऐकणाऱ्यांचे हातही नियमाने बांधलेले होते. त्याच दिवशी खात्याच्या मंत्र्यांनी स्वतःचा अधिकार वापरून त्या कुटुंबाला कायम राहण्याची परवानगी दिली. पुढे संसदेच्या समितीने ह्या नियमांची चौकशी केली. नियम रद्द झाला नाही, पण खर्चाची मर्यादा वाढत गेली. २०२४ मध्ये ती ५१,००० डॉलरवरून ८६,००० डॉलर झाली. हा आकडा वर्षाचा नव्हे बरं का. आयुष्यभराचा आजार असेल तर दहा वर्षांपर्यंतचा सगळा खर्च त्यात बसवतात, म्हणून अनेक मुलं अजूनही त्याच्या बाहेर राहतात.

कॅनडातली लढाई कोर्टात झाली. एक कुटुंब दक्षिण आफ्रिकेचं, एक नेदरलँड्सचं. दोघांकडे पैसा होता, धंदा होता, आणि दोघांच्या घरात बौद्धिक दिव्यांग मूल होतं. दोन्ही बाप सांगत होते, "आम्ही मुलाला सरकारी विशेष सेवा मागणारच नाही, स्वतः खर्च करू." अधिकारी म्हणत होते, उद्या तुमचा पैसा संपला तर? २१ ऑक्टोबर २००५ ला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती रोझली अबेला ह्यांनी तो लिहिला. आजाराच्या नावावरून ठरवायचं नाही, समोरचं मूल बघायचं, त्याचं घर बघायचं, घरचे काय करू शकतात आणि काय करायला तयार आहेत ते बघायचं. उद्या कदाचित असं होईल, एवढ्यावर नकार देता येणार नाही.

निकाल वाचून आनंद झाला आणि लगेच ताईंचा मुलगा आठवला. त्याच्याकडे कुठे धंदा आणि कुठे इस्टेट? तो हातातल्या कसबावर चाललाय. पण २००७ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं की हाच न्याय कुशल कामगाराच्या कुटुंबालाही लावायचा. तरीसुद्धा खरं बोलायचं तर ज्याच्याकडे पैसा त्याचं मूल आत, ही अडचण संपली नव्हती.

ती थोडी सुटली २०१८ मध्ये. त्याआधी २०१६ साली टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातले प्राध्यापक फेलिपे मोंतोया, मूळचे कोस्टा रिकाचे, ह्यांच्या कुटुंबाला मुलाच्या डाऊन सिंड्रोममुळे कायम राहण्याची परवानगी नाकारली गेली. त्यांनी मुलाला लपवलं नाही. त्याला घेऊन लोकांसमोर गेले, नियमच चुकीचा आहे असं म्हणाले. शेवटी त्यांना परवानगी मिळाली. पुढच्या वर्षी संसदेच्या समितीने हा नियमच काढून टाका अशी शिफारस केली. तोवर सरकारचाच आकडा बाहेर आला होता: एवढी घरं अडवून जो पैसा वाचत होता, तो राज्यांच्या आरोग्यखर्चाच्या फक्त ०.१ टक्का होता. हजार रुपयांत एक रुपया!

सरकारने नियम काढला नाही, पण १ जून २०१८ पासून बराच सैल केला. खर्चाची मर्यादा तिप्पट झाली, म्हणजे तेव्हा वर्षाला जवळजवळ वीस हजार डॉलर. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे विशेष शिक्षण, पुनर्वसन आणि घरच्या मदतनिसाचा खर्च हिशोबातूनच वगळला. ताईंच्या नातवाचं हृदय डॉक्टरांनी तपासलंय, ते ठीक आहे. त्याला लागते ती विशेष शाळा आणि बोलायला शिकवणाऱ्या बाई. शाळेचा तो खर्च, ज्याच्यावरून पूर्वी घरं परत गेली, आता मोजायचाच नाही.

एजंटला हे ठाऊक नव्हतं की ठाऊक असून त्याने सांगितलं नाही, ते आम्ही ठरवत नाही. पण त्याच्या सल्ल्यातली खरी मेख पुढे आहे. कॅनडाच्या नियमात २००२ पासून असं आहे की अर्ज करताना सोबत येणारी आणि न येणारी सगळी मुलं दाखवायची, सगळ्यांची तपासणी करून घ्यायची. जे मूल दाखवलं नाही, त्याला आईबाप पुढे कुटुंबातला म्हणून बोलावू शकत नाहीत. आणि माहिती लपवल्याचं उघड झालं तर पाच वर्षं दार बंद. म्हणजे "आजीजवळ ठेवा, मग बोलवा" ह्यातलं "मग" बहुधा येतच नाही. मूल आजीजवळच राहतं. आजी आहे तोवर.

इतर देशांबद्दल थोडक्यात, कारण आपल्या भागातल्या नर्स मुलीही आता बाहेर निघाल्यात. ब्रिटनमध्ये कुशल कामगाराच्या मुलाला खर्चाची अशी तपासणी नाही, भारतातून जाणाऱ्यांना क्षयरोगाची तपासणी तेवढी लागते. मूल सरकारी शाळेत जातं. पण दिव्यांग मुलासाठी तिथे जो भत्ता असतो तो व्हिसावर आलेल्यांना मिळत नाही. आणि घरोघरी वृद्धांची सेवा करायला जाणाऱ्यांना मुलांना सोबत नेणं ११ मार्च २०२४ पासून बंदच झालं, मग मूल कसंही असो. जर्मनीशी महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे, तिथल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी. तिथे मुख्य अट घर चालण्याएवढ्या पगाराची आणि आरोग्यविम्याची, आणि सरकारी विम्यात कमावत्याच्या हप्त्यावरच मुलं धरली जातात. कुणी जाणार असेल तर एजंटला आधी हेच विचारा, की माझ्या लेकराला शाळा कुठली आणि विमा कुठला. उत्तर कागदावर मागा.

ताईंच्या मुलाने मागच्या आठवड्यात एजंट बदलला. फॉर्मवर चौघांची नावं आहेत. दिव्यांग प्रमाणपत्र, शाळेतल्या बाईंचा अहवाल, हृदयाच्या डॉक्टरांचं पत्र, सगळं एका फाइलीत लावलंय. परवानगी मिळेल की नाही, अजून कळायचंय.

नातवाचा फोटो काढायला ताई स्वतः त्याला घेऊन तालुक्याला गेल्या होत्या. त्या फोटोत हसायचं नसतं, तोंड मिटून समोर बघायचं असतं. "हसू नको" म्हटलं की हा जास्तच हसतो. फोटोवाल्या दादांनी पाच वेळा काढला. सहाव्या वेळी ताई कॅमेऱ्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि स्वतःच तोंड घट्ट मिटून त्याच्याकडे बघत राहिल्या, तेव्हा कुठे त्यानेही मिटलं.